डेबियनचा जीडीबी: महापे-रबाळेच्या बेंचवर कितपत चालतो

निकाल आधीच सांगायचा तर डेबियन लिनक्समध्ये मिळतो तो जीडीबी (चालू प्रोग्राम थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारा डीबगर) घ्या, सोर्सवरून स्वतः कंपाइल करत बसू नका. रबाळे, महापे, तुर्भ्याच्या टीटीसी पट्ट्यात आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कंट्रोलर, मीटर, ट्रॅकर असल्या वस्तू बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांत बऱ्याचदा उलटा प्रकार असतो. कुणा सीनियरने कधीतरी यूएसआर-लोकलमध्ये, म्हणजे हाताने बसवलेल्या प्रोग्रामांच्या फोल्डरात, जीडीबी बांधून ठेवलेला असतो, तो सीनियर आता ऐरोलीच्या आयटी पार्कात बसतो, आणि इकडे पायथन अपग्रेड झालं की लिबपायथन सापडत नाही म्हणून तो जीडीबी उघडतच नाही. डेबियनचं पॅकेज घेतलं की बायनरीबरोबर ती जुळती ठेवण्याची मेहनतही फुकट पदरात पडते. हे परीक्षण मुख्यतः त्या मेहनतीचं आहे, कारण ब्रेकपॉइंट लावणं आणि बॅकट्रेस (कुठलं फंक्शन कुठून बोलावलं त्याची यादी) काढणं सगळीकडे सारखंच.

आवृत्त्या अशा: डेबियन ११ म्हणजे बुल्सआयमध्ये १०.१, डेबियन १२ बुकवर्ममध्ये १३.१ आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ट्रिक्सीमध्ये १६.३. रास्पबेरी पाय ओएस आणि सी-डॅकचं बॉस लिनक्स याच घरातले, त्यामुळे खालचं बरंचसं त्यांनाही लागू आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.

पहिली गफलत पॅकेज निवडतानाच होते. एकाच सोर्समधून डेबियन जीडीबी, जीडीबी-मिनिमल, जीडीबी-मल्टिआर्च आणि जीडीबीसर्व्हर (बोर्डावर बसून पीसीवरच्या जीडीबीशी बोलणारा) अशी वेगवेगळी पॅकेजं बांधतं. पीसीवरचा प्रोग्राम पीसीवरच डीबग करायचा असेल तर साधा जीडीबी पुरतो. बोर्ड आर्मचा असेल तर पीसीवर जीडीबी-मल्टिआर्च लागतो, कारण साधा जीडीबी ज्या मशीनसाठी बांधला त्याच आर्किटेक्चरची भाषा जाणतो. साध्या जीडीबीने आर्म बोर्डला टार्गेट रिमोट केलं, म्हणजे जोडलं, की आधी «टार्गेट डिस्क्रिप्शन स्पेसिफाइड अननोन आर्किटेक्चर» अशी वॉर्निंग येते आणि मागोमाग «रिमोट जी पॅकेट रिप्लाय इज टू लाँग». लोक केबल बदलतात, बॉड रेट बदलतात, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या एसटी-लिंक या डीबग प्रोबच्या क्लोनला शिव्या घालतात. पॅकेट लांब नसतं. पाठवणाऱ्याचे रजिस्टर वेगळे आणि घेणाऱ्याची मोजपट्टी वेगळी, एवढंच. मल्टिआर्च टाका, कंपाइल झालेल्या प्रोग्रामची ईएलएफ फाइल आधी लोड करा, मग जोडा. आर्किटेक्चर तो फाइलवरूनच ओळखतो.

आर्मच्या स्वतःच्या टूलचेनबरोबर येणारा जीडीबीही कामाचा आहे, पण त्यातल्या बऱ्याच आवृत्त्या जुन्या एनकर्सेस ५ ला बांधलेल्या आहेत आणि ताज्या डेबियनवर लायब्ररी नाही म्हणून अडून बसतात. कॉर्टेक्स-एमसाठी मल्टिआर्चच वापरावा. ओपनओसीडी (प्रोब आणि जीडीबी यांच्यातला दुवा) ३३३३ पोर्टवर ऐकतो, जे-लिंकचा सर्व्हर २३३१ वर. टार्गेट एक्स्टेंडेड-रिमोट करून मॉनिटर रीसेट हॉल्ट आणि मग लोड. व्हीएस कोडमध्ये कॉर्टेक्स-डीबग वापरत असाल तर सेटिंगमध्ये जीडीबीपाथला जीडीबी-मल्टिआर्च लिहायला विसरू नका, नाहीतर तो आर्मवाल्याचं नाव शोधत राहतो.

जीडीबी-मिनिमल नावाने भुलवतो. जागा कमी घेतो हे खरं, पण त्यात पायथन नाही. पायथन नाही म्हणजे सी प्लस प्लसचे प्रिटी-प्रिंटर नाहीत. व्हेक्टर प्रिंट केला तर आतले आकडे दिसायच्या ऐवजी एम-इम्प्ल, एम-स्टार्ट, एम-फिनिश असा लायब्ररीच्या पोटातला पसारा समोर येतो. जीडीबी १४ पासून आलेला डीएपी, म्हणजे एडिटरशी थेट बोलणारा इंटरफेस, तोही पायथनवरच उभा आहे. कमी मेमरीच्या बोर्डावर फक्त बॅकट्रेस काढायचा असेल तर मिनिमल ठीक. एरवी बोर्डावर जीडीबीसर्व्हर ठेवा आणि बाकीचं वजन पीसीवर.

आता सिम्बॉल, म्हणजे मशीन कोडचा कुठला पत्ता कुठल्या फंक्शनचा, कुठल्या ओळीचा ही माहिती. या पॅकेजची खरी कमाई इथे आहे आणि रागही इथेच येतो.

डेबियनच्या बायनरी स्ट्रिप केलेल्या, म्हणजे ही माहिती काढून टाकलेल्या असतात. डीबगची माहिती डीबीजीसिम नावाच्या वेगळ्या पॅकेजात जाते, आणि ही पॅकेजं मुख्य आर्काइव्हमध्ये नसून डेबियन-डीबग या वेगळ्या आर्काइव्हमध्ये असतात. सोर्सेस लिस्टमध्ये त्याची ओळ घालावी लागते, सूटचं नाव ट्रिक्सी-डीबग किंवा बुकवर्म-डीबग. नेमकं कुठलं पॅकेज हवं ते शोधायला डेबियन-गुडीज बसवा. त्यातली फाइंड-डीबीजीसिम-पॅकेजेस ही कमांड कोअर फाइल (क्रॅशच्या क्षणीची मेमरीची नक्कल) किंवा चालू प्रोसेसचा नंबर दिला की यादी काढून देते. फेडोराचा जीडीबी उघडल्या उघडल्या सांगतो की अमुक सिम्बॉल नाहीत, ही कमांड मारा. डेबियनचा गप्प बसतो. नवख्या माणसाला बॅकट्रेसमध्ये प्रश्नचिन्हांची रांग दिसते आणि त्याला वाटतं प्रोग्रामचा स्टॅकच बिघडलाय.

बायनरी आणि सिम्बॉलची गाठ बिल्ड-आयडीने बांधलेली असते. फाइल कमांड चालवली की ४० हेक्स अक्षरांचा शा-१ दिसतो. त्यातली पहिली २ अक्षरं म्हणजे यूएसआर-लिब-डीबगच्या बिल्ड-आयडी फोल्डरमधलं उपफोल्डर, उरलेली ३८ म्हणजे फाइलचं नाव, शेवटी डॉट-डीबग. सिम्बॉल लागत नसतील तर बाकी तर्क लढवण्याआधी हे दोन कागद जुळवून बघा. एकही अक्षर वेगळं असेल तर ती फाइल त्या बायनरीची नाही, मग आवृत्तीचा आकडा कितीही सारखा दिसो.

हाच नियम तुमच्या स्वतःच्या प्रॉडक्टलाही. गिऱ्हाइकाला स्ट्रिप केलेली बायनरी दिली आणि सिम्बॉल ठेवले नाहीत, तर फील्डमधून आलेला कोअर वाचता येत नाही. तोच कोड पुन्हा कंपाइल करून भागेल असं वाटतं. पण कंपायलर, फ्लॅग किंवा पाथ जरा हलला की बिल्ड-आयडी बदलते, आणि आयडी दुर्लक्षून लावलेले सिम्बॉल चुकीच्या ओळी दाखवतात. प्रत्येक रिलीजला ऑब्जकॉपीचा ओन्ली-कीप-डीबग चालवून डॉट-डीबग फाइल बाजूला काढा, मग स्ट्रिप करा, मग ॲड-जीएनयू-डीबगलिंक. डेबियन पॅकेज करत असाल तर डीएच-स्ट्रिप हे सगळं आपोआप करतं.

पॅकेजं शोधत बसायचं नसेल तर नेटवरून सिम्बॉल पुरवणारी डीबगइन्फोडी ही सोय आहे. १०.१ पासून जीडीबी स्वतः बिल्ड-आयडी सर्व्हरला सांगतो आणि सिम्बॉल खाली उतरवून घेतो. डेबियनचा स्वतःचा सर्व्हर २०२१ पासून चालू आहे. आजकाल डेबियनवर डीबगिंग सुसह्य झालंय ते यामुळे. पण सवयी लावून घ्याव्या लागतात. बुकवर्मच्या १३.१ मध्ये उघडल्यावर तो विचारतो, या सेशनसाठी डीबगइन्फोडी चालू करू का, आणि नुसतं एंटर दाबलं तर उत्तर «नाही» धरतो. स्क्रिप्टमधून चालवलं तर विचारून स्वतःच «आन्सर्ड एन, इनपुट नॉट फ्रॉम टर्मिनल» असं उत्तर देऊन मोकळा. सीआयमध्ये, म्हणजे आपोआप बिल्ड-टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत, क्रॅशचा बॅकट्रेस रिकामा येतो त्याचं एक नेहमीचं कारण हे. जीडीबीइनिटमध्ये सेट डीबगइन्फोडी एनेबल्ड ऑन लिहा, किंवा कमांड लाइनवर मायनस आयईएक्सने द्या.

ऑफिसचा प्रॉक्सी मध्ये असेल तर एचटीटीपीएस-प्रॉक्सी हा व्हेरिएबल भरलेला हवा, कारण आत लिबकर्ल आहे आणि तो तिथूनच वाचतो. प्रॉक्सी सर्टिफिकेट बदलून ट्रॅफिक तपासत असेल तर डाउनलोड गुपचूप फसतं. डीबगइन्फोडी-व्हर्बोज १ करून चालवा, कारण स्पष्ट दिसतं. ठाणे-वाशी लोकलमध्ये लॅपटॉप उघडून बसणाऱ्यांसाठी: मोबाइलचा नेट अर्धवट असताना जीडीबी सुरू होता होता अडकतो, कारण टाइमआउट ९० सेकंदांचा आहे. कंट्रोल-सी मारलं की ते एक डाउनलोड रद्द होतं, जीडीबी मरत नाही. उतरवलेल्या फाइली होम फोल्डरच्या कॅशमध्ये राहतात आणि ७ दिवस हात लागला नाही तर साफ होतात. म्हणजे दर पंधरवड्याला एकदाच लागणारे सिम्बॉल दर पंधरवड्याला पुन्हा उतरतात. त्यापेक्षा तेवढं डीबीजीसिम पॅकेजच बसवलेलं बरं.

जिथे डेव्हलपमेंटच्या मशीनला बाहेरचा नेटच नाही तिथे डीबगइन्फोडी नावाचं पॅकेज ऑफिसच्या सर्व्हरवर चालवता येतं. मायनस एफ दिलं की साध्या ईएलएफ फाइलींचं फोल्डर वाचतो, मायनस यू दिलं की डेब फाइलींचं. पोर्ट ८००२. रिलीजच्या सगळ्या डॉट-डीबग फाइली तिथे टाकायच्या आणि प्रत्येकाच्या मशीनवर डीबगइन्फोडी-यूआरएल्समध्ये तो पत्ता. असल्या छोट्या कंपनीने एकच गोष्ट करायची ठरवली तर ही करावी. बाहेरचा पत्ताही चालू ठेवलात तर तुमच्या बायनरीची बिल्ड-आयडी बाहेरच्या सर्व्हरला विचारली जाते. बायनरी जात नाही, पण काहींच्या करारात तेवढंही चालत नाही.

बोर्ड नेटवर्कवर असेल तर जीडीबीसर्व्हरचा अनुभव चांगला आहे, फक्त सिसरूट (बोर्डावरच्या लायब्ररींची पीसीवरची प्रत) आधी लावा. न लावल्यास जीडीबी बोर्डावरच्या सगळ्या लायब्ररी तारेवरून ओढतो. तो स्वतःच सांगतो की रिमोटवरून फाइली आणणं हळू असू शकतं, सेट सिसरूट वापरा. लोक ती ओळ वाचत नाहीत आणि चहाला जातात. बोर्डाचं लिब आणि यूएसआर-लिब आरसिंकने पीसीवरच्या एका फोल्डरात आणा आणि सेट सिसरूट त्या फोल्डरला. शिवाय बोर्डाचं लिबसी६-डीबीजी (सी लायब्ररीचे सिम्बॉल) पॅकेज डीपीकेजी मायनस एक्सने त्याच फोल्डरात उघडा आणि डीबग-फाइल-डिरेक्टरी तिकडे वळवा. नाहीतर «लिबथ्रेड-डीबी जुळत नाही, थ्रेड-लोकल व्हेरिएबल बघता येणार नाहीत» अशी वॉर्निंग पाठ सोडत नाही.

इथे एक खड्डा आहे. रास्पबेरी पाय ओएसची ३२ बिट आवृत्ती रास्पबियनच्या आर्काइव्हवर उभी आहे, आणि ते आर्काइव्ह जुन्या आर्म-व्ही६ साठी वेगळं बांधलेलं आहे. पॅकेजचं नाव तेच, आर्किटेक्चरचं नाव आर्महार्डफ्लोट तेच, पण बिल्ड-आयडी वेगळी. पीसीवरून डेबियनचं लिबसी६-डीबीजी आणलं तर ते लागणार नाही. बोर्डावरच ॲप्ट डाउनलोड करून ती डेब फाइल पीसीवर आणा. ६४ बिटवाली आवृत्ती मात्र मूळ डेबियनचीच पॅकेजं घेते, तिथे हा त्रास जवळपास नाही.

जीडीबीसर्व्हरला पासवर्ड वगैरे काही नसतं. पोर्ट उघडा असेल तर जोडणारा कोणीही बोर्डावर हवा तो कोड चालवू शकतो. प्रॉडक्शनच्या इमेजमधून काढून टाका.

डॉकरबद्दल थोडक्यात. इमेजचा आकार वाचवायला नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स लावलं की जीडीबीने सुचवलेलं लिबसी-डीबीजीही गळतं आणि मग व्हॅलग्राइंड, थ्रेड दोन्ही कुरकुरतात. ते नाव हाताने घाला. «ॲड्रेस स्पेस रँडमायझेशन बंद करता आलं नाही» ही वॉर्निंग सेककॉम्प या डॉकरच्या सिस्टिम-कॉल गाळणीमुळे येते, त्रास देत नाही. अटॅच होत नसेल तर कंटेनरला एसवायएस-पीट्रेस ही परवानगी द्या. उबंटू होस्टवर यामा या कर्नलच्या सुरक्षा मॉड्यूलचा पीट्रेस-स्कोप मुळातच १ असतो, म्हणजे स्वतः सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेसखेरीज दुसऱ्या प्रोसेसला हात लावता येत नाही.

आता पॅकेज राखणाऱ्यांच्या बाजूने. नवी आवृत्ती आली की टारबॉल जसाच्या तसा वापरता येत नाही. जीडीबीचं मॅन्युअल जीएफडीएल या दस्तऐवजांच्या परवान्याखाली आहे आणि त्यात न बदलता येणारे विभाग आहेत. २००६ च्या मतदानानंतर डेबियनच्या लेखी असे दस्तऐवज फ्री नाहीत. म्हणून ते सोर्समधून काढून टारबॉल पुन्हा बांधायचा. मग क्विल्ट या साधनाने डेबियनचे पॅच ओळीने चढवायचे. डीपीकेजी-सोर्सला फझ अजिबात चालत नाही, पॅचच्या आजूबाजूची एखादी ओळ बदलली तरी तो नाकारतो, म्हणून प्रत्येक पॅच रिफ्रेश. मग बांधणी, तीही एकदा नाही: साधा, मिनिमल आणि मल्टिआर्च यांचे कॉन्फिगरचे फ्लॅग वेगळे, त्यामुळे तोच कोड पुन्हा पुन्हा कंपाइल होतो. डेबियनमध्ये पायथनची आवृत्ती बदलली की एकही ओळ न बदलता पॅकेज पुन्हा बांधावं लागतं. आवृत्तीच्या शेवटी प्लस-बी-१ अशी शेपटी दिसते ती अशा बांधणीची. वर सांगितलेला यूएसआर-लोकलवाला जीडीबी मरतो तो ही शेपटी त्याला कोणी जोडत नाही म्हणून. शिवाय बीएफडी ही ईएलएफसारख्या फाइली वाचणारी लायब्ररी बायनयुटिल्स आणि जीडीबी दोघांच्या सोर्समध्ये आहे. तिथे सापडलेली त्रुटी दोन्हीकडे तपासावी लागते.

टेस्टसूट डेजाग्नू या टेस्ट चालवणाऱ्या साधनावर चालते आणि निकाल जीडीबी-डॉट-सम फाइलीत पडतो. तिथे शून्य फेलची अपेक्षा ठेवू नये. थ्रेडच्या काही टेस्ट मशीनवर लोड असला की टाइमआउटने पडतात आणि दुसऱ्यांदा पास होतात. जुन्या आवृत्तीची सम फाइल जपून ठेवायची, नवीशी डिफ करायची आणि आधी पास असून आता फेल झालेल्या ओळी तेवढ्या बघायच्या. त्यातल्याही गडबडीच्या वाटतील त्या एकट्या पुन्हा चालवायच्या. आर्म बोर्डांवर काम असेल तर टार्गेट-बोर्ड नेटिव्ह-जीडीबीसर्व्हर देऊन एक फेरी जरूर मारा, कारण साध्या फेरीत सर्व्हरचा रस्ता जवळजवळ तपासलाच जात नाही.

हे सगळं माहीत असेल तर नवा जीडीबी जुन्या डेबियनवर आणणं जमण्यासारखं आहे, आणि स्वतः कंपाइल करण्यापेक्षा तो मार्ग शंभरदा बरा. बुकवर्मवर १६.३ हवा असेल तर ट्रिक्सीचा डॉट-डीएससी (सोर्स पॅकेजची वर्णन-फाइल) डीगेटने आणा, सही तोच तपासतो. एमके-बिल्ड-डेप्स चालवा, कुठली लायब्ररी कमी पडते ते लगेच कळतं. डीसीएच मायनस मायनस बीपीओने आवृत्तीला टिल्डवाली शेपटी लावा. टिल्डमुळे तुमची आवृत्ती अधिकृत आवृत्तीच्या खाली धरली जाते, आणि पुढे ट्रिक्सीवर गेलात की ॲप्ट आपोआप खरी घेतो. मग डीपीकेजी-बिल्डपॅकेज, बिल्ड ऑप्शनमध्ये नोचेक आणि पॅरलल ४. आठ जीबीच्या मशीनवर पॅरलल ८ करू नका; सी प्लस प्लसच्या फाइली डीबग माहितीसकट कंपाइल होताना मेमरी खातात, आणि कर्नल मध्येच कंपायलर मारतो. एरर मात्र «किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम» एवढीच दिसते. नोचेक फक्त पहिल्या बांधणीपुरतं. सगळ्यांना वाटण्याआधी टेस्ट चालवा.

उणिवा दोन मोठ्या. पहिली मॅन्युअलची. जीडीबी-डॉक नॉन-फ्रीमध्ये आहे, आणि बुकवर्मपासून इन्स्टॉलर नॉन-फ्री-फर्मवेअर एवढंच चालू करतो. त्यामुळे ॲप्ट म्हणतो असं पॅकेजच नाही. सोर्सेसमध्ये नॉन-फ्री हा वेगळा शब्द घालायचा, मग मिळतं. आतली हेल्प मात्र प्रोग्रामचाच भाग आहे, ती नेहमी हजर.

दुसरी, स्टेबलमध्ये आवृत्ती गोठते. सिस्टिमचाच जीसीसी वापरणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण बुकवर्मचा जीसीसी १२ आणि जीडीबी १३.१ एकमेकांना ओळखतात. पण बोर्डाचा व्हेंडर नवी टूलचेन देतो आणि पीसीवर जुना जीडीबी, अशी जोडी जमली की डॉर्फची, म्हणजे डीबग माहिती लिहिण्याच्या फॉरमॅटची, भानगड होते. जीसीसी ११ पासून डॉर्फ ५ हाच डीफॉल्ट आहे; फार जुना जीडीबी «राँग व्हर्जन इन कम्पायलेशन युनिट हेडर, इज ५» म्हणून हात वर करतो. तिथे बॅकपोर्ट करायला वेळ नसेल तर कंपाइल करताना मायनस जीडॉर्फ-४ द्या, आजचं काम उद्यावर जाणार नाही. बुकवर्मवर सिस्टिमच्याच कंपायलरने काम चालत असेल आणि डीएपी नको असेल तर १३.१ ला हात लावायचं काहीच कारण नाही.